बनावट किल्लीचा इतिहास

घराची किल्ली हरवली तर आपण कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावून आणतो. तो आपल्या देखत कुलूप उघडतो, नवी किल्ली घासून देतो, पैसे मोजून घेतो आणि चालता होतो. तेवढा वेळ आपण दारातच उभे असतो. त्याला घरात एकटा सोडून बाजारात जाण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र गेली वीस-पंचवीस वर्षे शहाणीसुरती माणसे नेमके हेच करीत आली आहेत. विंडोजचे लायसन्स विकत न घेता ते घेतल्याचा देखावा निर्माण करणारी काही छोटी साधने असतात. कोणी त्यांना ‘क्रॅक’ म्हणतो, कोणी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’. ती चालविण्यापूर्वी माणूस अँटिव्हायरस बंद करतो, म्हणजे पहारेकऱ्याला रजा देतो. मग त्या साधनाला यंत्राचे सर्वाधिकार देतो, म्हणजे कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा हवाली करतो. आणि काम फत्ते झाले की पाहुणा परत गेला की नाही याची चौकशीही करीत नाही.

मी यंत्रज्ञ नव्हे. जुने कागद वाचण्याची सवय असलेला माणूस आहे, आणि या विषयाची गोडी मला इतिहासाच्या अंगानेच लागली. दिवाळीच्या फराळाबरोबर वाचावयास हा विषय रुक्ष वाटण्याचा संभव आहे, हे मी जाणून आहे. पण ज्या घरात कॉम्प्युटर आहे त्या घरात ही कहाणी कोठल्या ना कोठल्या रूपाने शिरलेली असते, म्हणून ती एकदा मुळापासून सांगावी असे वाटले.

या कहाणीच्या आरंभी कुलूप नव्हतेच. १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाच्या यंत्राचे चित्र झळकले. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथील मिट्स ही कंपनी ते सुट्या भागांच्या रूपात विकत असे. घेणाऱ्याने ते घरी बसून जोडावयाचे. जोडून झाल्यावर त्याच्याकडून काम कसे करून घ्यावयाचे हा प्रश्न उरे, आणि तो सोडविण्यासाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन या दोन तरुणांनी बेसिक ही भाषा त्या यंत्रावर चालेल अशी लिहून काढली. ती कागदी पट्टीवर छिद्रे पाडून साठविलेली असे. त्याच वर्षी जूनमध्ये मिट्सने कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील एका हॉटेलात यंत्राचे प्रदर्शन मांडले. तेथून बेसिकची एक पट्टी नाहीशी झाली. पुढे होमब्रू कॉम्प्युटर क्लब नावाच्या हौशी मंडळाच्या बैठकीत तिच्या पन्नासाहून अधिक नकला वाटण्यात आल्या. एक न्यावी आणि पुढच्या बैठकीला दोन करून आणाव्या, असा तेथला रिवाज असल्याचे सांगतात.

गेट्सने ३ फेब्रुवारी १९७६ या तारखेचे एक उघडे पत्र या हौशी मंडळींना उद्देशून लिहिले. वय वर्षे वीस. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे, तिच्यावर चाळीस हजार डॉलरहून अधिक किमतीचा यंत्रवेळ खर्च झाला आहे, आणि मिळकतीचा हिशेब मांडला तर आमच्या श्रमाला ताशी दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. पत्राची भाषा कडक आहे. पुष्कळांना ती उद्धट वाटली. मला ती एका लेखकाची तक्रार वाटते. ज्याचे पुस्तक सर्वांनी वाचले आणि कोणीच विकत घेतले नाही, असा लेखक याहून निराळे काय लिहील?

पण येथे एक गोष्ट नजरेतून सुटता कामा नये. त्या पट्टीची नक्कल करणाऱ्याने गेट्सचे नुकसान केले असेल. स्वतःचे काहीही केले नाही. छिद्रे तीच, बेसिकही तीच. मधे तिसरा माणूस नव्हता. नक्कल करणे आणि कुलूप फोडणे या दोन गोष्टी आपण एकाच ‘पायरसी’ या शब्दाखाली ढकलतो, परंतु त्यांतले अंतर फार मोठे आहे. कुलूप आले आणि त्याबरोबर ते फोडून देणारा तिसरा माणूस आला. धोक्याचा इतिहास या तिसऱ्या माणसापासून सुरू होतो.

कुलपे आली ती फ्लॉपीबरोबर. साध्या रीतीने फ्लॉपीची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या तिच्यावर मुद्दाम चुका लिहून ठेवीत. नक्कल करणारा प्रोग्राम त्या चुका वगळी किंवा सुधारी, आणि मग ती सुधारलेली नक्कल चालत नसे. लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रसिद्ध प्रोग्राम सुरू करावयाचा तर मूळ फ्लॉपी यंत्रात घालावी लागे. आता फ्लॉपी ही झिजणारी, बुरशी धरणारी वस्तू. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची एक जादा प्रत कपाटात ठेवावी असे गिऱ्हाइकाला वाटले तर त्यात गैर काही नव्हते. ही गरज ओळखून १९८१ मध्ये अ‍ॅपल २ या यंत्रासाठी ‘लॉकस्मिथ’ नावाचा प्रोग्राम उघडपणे विक्रीस आला. लॉकस्मिथ म्हणजे आपला किल्लीवालाच! त्याच्या जाहिराती मासिकांत येत, त्याला पत्ता होता, तक्रार करावयास जागा होती. हा पहिला किल्लीवाला बाजारात दुकान थाटून बसलेला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कुलूपवाल्यांची नियत तरी नेहमी साफ होती असे नाही. व्हॉल्ट या अमेरिकन कंपनीचे ‘प्रोलॉक’ नावाचे कुलूप १९८० च्या दशकात बऱ्याच प्रोग्रामांवर लागलेले असे. चोरटी प्रत चालविणाऱ्याच्या यंत्रातील माहिती नासविणारे नवे कुलूप आणण्याची घोषणा त्या कंपनीने केली. एवढा गहजब झाला की ती माघारी घ्यावी लागली. पण कल्पना तर एकदा बोलून झाली होती.

ती प्रत्यक्षात आली, पण सौम्य रूपाने, आणि तीही आपल्या शेजारी, लाहोरात. बासित फारूक अल्वी आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ तेथे कॉम्प्युटरचा व्यवसाय करीत. १९८६ मध्ये त्यांनी ‘ब्रेन’ नावाचा प्रोग्राम लिहिला. यंत्र सुरू होताना फ्लॉपीचा जो पहिला भाग वाचते, ज्याला बूट सेक्टर म्हणतात, तेथे तो जाऊन बसे आणि एका फ्लॉपीवरून दुसरीवर पसरे. आत दोघा भावांची नावे, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन नंबर! लस हवी असेल तर आमच्याशी संपर्क साधा, असा निरोपही होता. आयबीएमच्या पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस समजतात. आम्ही लिहिलेल्या वैद्यकीय प्रोग्रामाच्या चोरट्या नकला कोठवर जातात हे पाहण्यासाठी तो लिहिला, असे भावांचे म्हणणे. उलट १९८८ मध्ये ‘टाइम’ने छापले, की हे दोघे स्वतःच अमेरिकन प्रोग्रामांच्या स्वस्त नकला विकीत आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या नकलांत व्हायरस घालून देत. दोन्ही हकिकती एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असे मला वाटते. स्वतःचा माल चोरीला गेला म्हणून संतापणारा आणि दुसऱ्याचा चोरीचा माल विकणारा, असे दोघे एकाच दुकानात बसलेले आपण पाहिलेले नाहीत काय?

डिसेंबर १९८९ मध्ये आणखी पुढचे पाऊल पडले. लंडनहून टपालाने सुमारे वीस हजार फ्लॉप्या अनेक देशांतील लोकांना रवाना झाल्या. एड्स या रोगाविषयी माहिती देणारा प्रोग्राम त्यांत होता. सोबतच्या छापील कागदावर लायसन्सच्या अटी होत्या: वापराल तर पैसे द्यावे लागतील, न द्याल तर परिणाम भोगावे लागतील. अशा अटी कोण वाचतो? यंत्र सुमारे नव्वद वेळा सुरू झाले की सगळ्या फाइलींची नावे गुप्त लिपीत जात आणि पडद्यावर मागणी येई, की लायसन्सच्या नूतनीकरणासाठी १८९ डॉलर पनामा येथील एका टपालपेटीकडे पाठवावे. पाठविणारा जोसेफ पॉप हा जीवशास्त्राचा विद्वान होता. तो पकडला गेला, परंतु मनःस्थिती ठीक नसल्याने त्याच्यावर इंग्लंडमध्ये खटला चालू शकला नाही. कॉम्प्युटरवरील खंडणीचा पहिला गुन्हा तो हाच समजला जातो, आणि तो लायसन्स-वसुलीच्या वेषात आला होता. व्हायरस आणि खंडणी या दोन्ही गोष्टी लायसन्सच्या भांडणाच्या आसपासच जन्माला आल्या, हे मला या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण वाटते.

आता विंडोजकडे वळू. २५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली आणि तिच्याबरोबर ‘अ‍ॅक्टिव्हेशन’ हा शब्द घरोघर पोहोचला. पंचवीस अक्षरांची किल्ली टाकावयाची, यंत्राच्या भागांवरून काढलेला एक आकडा तिच्याशी जोडून कंपनीकडे पाठवावयाचा, तिकडून मंजुरी आली की कुलूप उघडले. तीस दिवसांत हे न केल्यास विंडोज आत येऊ देईना. मोठ्या कंपन्यांना हजारो यंत्रांवर हा खटाटोप नको, म्हणून त्यांच्यासाठी मंजुरी न लागणाऱ्या निराळ्या किल्ल्या होत्या. त्यांपैकी एक, विंडोज बाजारात येण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीच फुटली. एफ, सी, के, जी, डब्ल्यू या अक्षरांनी सुरू होणारी ती किल्ली एका पिढीला तोंडपाठ होती. २००२ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने ती नाकारली. पण तोवर तिचा प्रसार जगभर झाला होता.

कंपनीचे धोरणही या काळात सरळ रेषेत चालले होते असे दिसत नाही. चिनी लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, सवय लागली की पुढे वसुलीचा मार्ग काढू, अशा अर्थाचे उद्गार गेट्सने १९९८ मध्ये काढले होते. २००७ च्या फेब्रुवारीत रुमानियाचे अध्यक्ष ट्रायान बासेस्कू यांनी तर गेट्स शेजारी उभा असताना सांगितले, की पायरसीमुळेच आमच्या तरुणांना कॉम्प्युटरची ओळख झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीच्या तपासणी यंत्रणेत बिघाड होऊन हजारो अस्सल प्रती काही तास खोट्या ठरल्या. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात चीनमधील खोट्या प्रतींचा पडदा दर तासाला काळा होऊ लागला आणि तिकडे संतापाची लाट उसळली. हे सर्व सांगावयाचे कारण एवढेच, की कुलूपफोड्याला गिऱ्हाईक मिळाले ते केवळ लोक चोर होते म्हणून नव्हे. महिन्याच्या पगाराचा मोठा लचका तोडणारी किंमत आणि अस्सल गिऱ्हाइकालाही संशयाने पाहणारी तपासणी, यांचाही त्यात वाटा होता.

व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काळात फोडण्याची तऱ्हा बदलली. मोठ्या कंपन्यांच्या तयार यंत्रांत, त्यांच्या बायॉस नावाच्या मूळ भागातच, हे यंत्र अमक्या कंपनीचे आहे अशी एक खूण असे आणि तिच्यावर विंडोज विश्वास ठेवी. ‘लोडर’ नावाची साधने विंडोज जागी होण्याच्याही आधी स्वतः जागी होत आणि तशी खोटी खूण तिच्यापुढे धरीत. म्हणजे बसत कोठे? यंत्र सुरू होतानाच्या पहिल्या पायरीवर. लाहोरचा ब्रेन जेथे बसला होता त्याच्याच आसपास! १९८६ मध्ये ज्या जागी परका आला म्हणून लोकांनी लस शोधली, त्याच जागी तेवीस वर्षांनी लोक परक्याला आपण होऊन पाट मांडून बसवू लागले. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने फोडण्याच्या सत्तराहून अधिक प्रकारांना ओळखणारी सुधारणा बाहेर काढली, यावरून धंदा किती फोफावला होता याची कल्पना यावी.

दुसरी तऱ्हा केएमएसची. मोठ्या कचेरीत प्रत्येक यंत्राने कंपनीकडे मंजुरी मागण्याऐवजी कचेरीतच एक मंजुरी देणारे यंत्र बसवावे, अशी सोय व्हिस्टापासून झाली. किमान पंचवीस यंत्रे असतील तरच ते मंजुरी देते, आणि ती १८० दिवस टिकते; त्यापूर्वी पुन्हा हजेरी लावावी लागते. फोडणाऱ्यांनी हे कचेरीचे यंत्रच खोटे बनविले. तुमच्याच कॉम्प्युटरच्या पोटात एक बनावट कारकून बसतो, तुमच्याच विंडोजला सांगतो की येथे पंचवीसहून अधिक यंत्रे आहेत, आणि मंजुरीचा शिक्का मारतो. केएमएसपिको, केएमएसऑटो ही नावे या घराण्यातली. पण शिक्क्याची मुदत संपणारी आहे, तेव्हा कारकून एकदा शिक्का मारून घरी जाऊ शकत नाही. तो यंत्रात मुक्कामालाच राहतो, ठरल्या वेळी उठतो, आणि त्याच्या हाती अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे मालकाचे, सर्व अधिकार असतात.

शिवाय अँटिव्हायरस त्याला पाहून ओरडतो. ही ओरड खरी की खोटी हे ठरविण्याचे साधन सामान्य माणसापाशी नसते. क्रॅक म्हटला की अँटिव्हायरस ओरडणारच, लक्ष देऊ नका, असा सल्ला साधनाबरोबरच मिळतो. आणि निव्वळ क्रॅकविषयी तो पुष्कळदा खराही असतो. खोच येथेच आहे. जो सल्ला निरुपद्रवी साधन देते तोच शब्दशः विषारी साधनही देते. फाइल पासवर्डने बांधलेली असते, पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो. तो मालकासाठी नसून पहारेकऱ्याला गाठोड्यात डोकावता येऊ नये म्हणून असतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

जुन्या पोथ्यांचा ज्याला परिचय आहे त्याला एक गोष्ट चटकन समजेल. बखरीच्या दहा नकला मिळतात आणि दहांत दहा पाठ असतात. एखाद्या लेखकूने आपल्या यजमानाच्या पूर्वजाला एखादी लढाई बहाल केलेली असते. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा शेकडो पोथ्या ताडून प्रक्षिप्त भाग बाजूला काढावा लागला. अ‍ॅक्टिव्हेटरचीही अशीच अवस्था आहे. मूळ लिहिणाऱ्याची प्रत कदाचित निर्दोष असेलही. काही साधनांची संहिता उघडी असते आणि जाणकार ती तपासतात, हेही मान्य करू. परंतु गिऱ्हाइकाच्या हाती येते ती कितव्या हातची नक्कल हे कोण सांगणार? स्वतःला ‘अधिकृत’ म्हणविणारी ठिकाणे पन्नास, आणि फिर्याद न्यावी तर मूळ कर्ता निनावी. लॉकस्मिथचे दुकान होते, त्यावर पाटी होती. येथे पाट्याच पाट्या आहेत, दुकान कोठेच नाही.

हे पुस्तकी वाटू नये म्हणून एक प्रत्यक्ष पाहिलेली हकिकत सांगतो. एका तालुक्याच्या गावी माझ्या ओळखीचे डीटीपीचे दुकान आहे. मालक मूळचे खिळे जुळविणारे कंपोझिटर. छापखाना बुडाल्यावर साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला. मराठी अक्षरांचा संच त्यांनी पैसे मोजून घेतला होता, कारण तो डाँगल लावल्याशिवाय चालत नसे. विंडोज मात्र कधीच विकत घेतली नव्हती. दुरुस्तीला येणारा मुलगा फॉरमॅट मारून ती टाकून देई. दोनशे-तीनशे रुपयांत काम होई. २०१९ च्या पावसाळ्यात पडद्याच्या कोपऱ्यात ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ अशी अक्षरे उमटली. मुलगा आला, अँटिव्हायरस बंद केला, काहीसे उतरवून चालविले. अक्षरे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी ज्या फाइलीला हात लावावा तिच्या नावाला चार अक्षरांचे शेपूट फुटलेले आणि ती उघडेना. प्रत्येक फोल्डरात एक चिठ्ठी होती: ९८० डॉलर द्या; ७२ तासांत बोललात तर निम्मे, ४९०. जगभर हजारो घरांत तीच चिठ्ठी त्याच आकड्यांसह पोचत होती. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखला जाणारा तो खंडणीचा प्रकार, आणि त्याचा मुख्य प्रवासमार्गच मुळी क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटर हा होता.

लग्नपत्रिका आणि ग्रामपंचायतीच्या पावत्या गेल्या त्याचे दुःख नव्हते. त्या यंत्रात एका निवृत्त शिक्षकांनी बावीस वर्षे आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हिंडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तीन हजारांच्या आसपास. चौदा वह्यांवरून त्या टाइप झाल्या होत्या. टाइप झाल्यामुळे वह्यांची निगा कोणी राखली नाही आणि त्यांतल्या नऊ वाळवीने खाल्ल्या. गुरुजी वारले होते. गाणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्याही. जादा प्रत म्हणून ठेवलेला पेनड्राइव्ह त्या दिवशी यंत्रालाच लावलेला होता, तोही बंद झाला. अशा काही फाइली सोडविणारे मोफत साधन त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाले होते, ते मी एका जाणकाराकडून चालवून पाहिले. पण प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र किल्ली दूर कोठेतरी तयार करून ठेवण्याची नवी पद्धत त्या टोळीने तोवर अंगीकारली होती. तिच्यापुढे इलाज चालला नाही. पाच वह्यांतल्या ओव्या पुन्हा टाइप केल्या. बाकीच्या गेल्या.

मी त्या मुलाविषयी काही कठोर बोललो असेन. मालक म्हणाले, “अहो, पोरगा चांगला आहे हो. चार वर्षं तोच सगळं बघतो. त्याच्या स्वतःच्या मशीनवर पण तेच टाकलेलं आहे.” ते खरेच होते. त्याचेही यंत्र त्याच आठवड्यात बसले.

या हकिकतीत निदान घाव उघड होता. पुष्कळ वेळा तो दिसतच नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासनिसांनी चीनमधील निरनिराळ्या शहरांतून २० नवी यंत्रे विकत घेतली. सर्वांत विंडोजच्या खोट्या प्रती, आणि चार यंत्रांत कोरेपणीच विषारी प्रोग्राम. त्यांतला ‘निटॉल’ नावाचा एक तर घेतल्याबरोबर दूरच्या धन्याचा हुकूम मागू लागला. त्यावरून पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत न्यायालयाचा आदेश मिळवून त्या टोळीचा मार्ग तोडण्यात आला. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा कंपनीने केएमएसपिकोच्या एका प्रतीची चिरफाड प्रसिद्ध केली. तीत क्रिप्टबॉट नावाचा चोर होता. ब्राउझरात साठविलेले पासवर्ड आणि आभासी चलनाची पाकिटे तो उचली. खरा अ‍ॅक्टिव्हेटरही त्याच गाठोड्यात होता आणि तो आपले काम चोख करी! काम झाले म्हटल्यावर संशय कोणाला येणार?

याहून मोठे प्रकरण २०२५ च्या डिसेंबरात दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी जाहीर केले. एप्रिल २०२० ते जानेवारी २०२३ या काळात केएमएसऑटोच्या वेषातील एक प्रोग्राम जगभर सुमारे २८ लाख यंत्रांवर उतरला. तो एकच काम करी. आभासी चलन पाठविताना माणूस समोरच्याचा लांबलचक पत्ता कॉपी करतो आणि दुसरीकडे पेस्ट करतो. त्या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात हा पत्ता बदलून चोराचा घाली. सुमारे ८,४०० व्यवहारांतून १७० कोटी वॉन गेले. लिथुआनियाचा एक नागरिक या आरोपावरून जॉर्जियात पकडून कोरियाच्या हवाली करण्यात आला.

आणि शेवटी युद्ध. फेब्रुवारी २०२५ मध्ये एक्लेक्टिकआयक्यू या संस्थेच्या अभ्यासकांनी दाखविले, की रशियाच्या लष्करी हेरखात्याशी जोडला जाणारा ‘सँडवर्म’ हा गट २०२३ च्या अखेरीपासून युक्रेनमधील लोकांपर्यंत विषारी केएमएस अ‍ॅक्टिव्हेटर पोचवीत होता. पडद्यावर अ‍ॅक्टिव्हेशनची खिडकी दिसे, मागे विंडोजचा पहारेकरी निकामी होई आणि यंत्राचा ताबा परक्याकडे जाई. युक्रेनमध्ये, सरकारी कचेऱ्यांसह, विनालायसन्स प्रतींचे प्रमाण मोठे आहे, हे शत्रूला ठाऊक होते. किल्ला पाडण्यासाठी तोफा नेण्यापेक्षा चोरवाटेने फितुराला आत घालावा, ही युक्ती आपल्या इतिहासाच्या वाचकाला नवी नाही. येथे फितूर दोनशे रुपये वाचवावयास निघालेला एखादा कारकून असतो, आणि आपण फितूर झालो आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते.

कायद्याविषयी थोडक्यात. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ६३ ब या कलमाप्रमाणे चोरटी प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने, हक्कभंगाच्या हेतूने कुलूप चुकविण्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. घरी बसलेल्या माणसापर्यंत हा कायदा क्वचितच पोचतो. त्यामुळे कायद्याची भीती दाखवून कोणी सुधारेल असे मला वाटत नाही.

मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. विंडोज १० पासून कुलूप पुष्कळच सैल झाले आहे. किल्ली न टाकता विंडोज बसविली तरी ती चालते. कोपऱ्यात पुसट अक्षरे दिसतात, पडद्याचे चित्र आणि रंग बदलता येत नाहीत, अधूनमधून आठवण येते. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात. अशी विंडोज वापरणे कराराला धरून नाही, हे खरे. पण मग अ‍ॅक्टिव्हेटर चालवून माणूस मिळवितो काय? कोपऱ्यातली अक्षरे पुसली जातात आणि भिंतीला रंग देता येतो. तेवढ्यासाठी घराच्या किल्ल्या! ज्याला तेही नको त्याला लिनक्स आहे. केरळच्या सरकारी शाळा ते वर्षानुवर्षे वापरीत आल्या आहेत. डीटीपीवाल्यांची अडचण मात्र खरी आहे. त्यांची जुनी साधने आणि जुने अक्षरसंच लिनक्सवर सहजासहजी चालत नाहीत, आणि तीस वर्षांचे काम त्या जुन्या संचांत अडकलेले आहे. त्यांना लिनक्स वापरा असे सांगणे म्हणजे भाकरी नसेल तर पुरणपोळी खा म्हणण्यासारखे होईल.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. त्यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील तर जादा मुदतीची निराळी नोंदणी करावी लागते. ही नोंदणी चुकवून देणारी साधनेही निघाली आहेत, आणि त्यांच्या शेजारी तोच जुना सल्ला आहे: चालविण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करावा.